मुलाने खेळात मुलीचे पात्र घेतले तर?

मुलांच्या आरोग्याची काळजी घेताना आपण त्यांचा आहार, लसी, दात, डोळे यांची चौकशी करतो. मूल काय खेळते आणि कसे खेळते, हा प्रश्नही आरोग्याचाच आहे. पूर्वी तो सोपा होता. लगोरी, विटीदांडू, कबड्डी, भातुकली हे खेळ अंगणात, घरच्यांच्या डोळ्यांदेखत चालत. आता खेळ मोबाईलच्या पडद्यात शिरला आहे. आईवडिलांना त्यातले जे दिसते ते अर्धवट दिसते. अर्धवट दिसले की शंका येते आणि शंका कोणाला विचारता आली नाही की तिची भीती होते. अशाच एका भीतीचा विचार आज करायचा आहे.

नमुन्यादाखल दोन घरे घेऊ. ही कोणा एका कुटुंबाची हकीकत नाही, पण अशी घरे ओळखीची वाटतील.

पहिले घर पेणचे. वडिलांचा गणपतीचा कारखाना, मुलगा १३ वर्षांचा. एके दिवशी वडील सहज त्याच्या मागे जाऊन उभे राहतात. पडद्यावर मुलाच्या बोटांच्या इशाऱ्यावर धावते आहे ती एक मुलगी. लांब वेणी, गुलाबी जाकीट. वडिलांच्या छातीत धस्स होते. ‘पोरगा पोरगी होऊन खेळतो!’ मोबाईल काढून घेतला जातो, दोन धपाटेही बसतात. रात्री नवराबायकोत कुजबुज होते, की याला कोणा डॉक्टरला दाखवावे काय?

दुसरे घर रोह्याचे. वडील धाटावच्या कारखान्यात पाळीने कामाला, मुलगी १५ वर्षांची. तीही तोच खेळ खेळते. तिने पात्र घेतले आहे पुरुषाचे आणि खेळातले नावही मुलाचे ठेवले आहे. तिचा माइक कायम बंद असतो. या घरात कोणालाच काळजी नाही. उलट कौतुकच आहे, की ‘आमची पोरगी शांत हो, कोपऱ्यात बसून खेळते, कोणाशी बोलत नाही.’

या दोन घरांपैकी काळजीचे कारण कोणत्या घरात आहे? उत्तर आधीच सांगतो. पेणच्या घरात आजार नाही. विचारपूस हवी आहे ती रोह्याच्या घरात. असे का, ते क्रमाने पाहू.

पात्र निवडायचे म्हणजे काय?

ज्या खेळात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि त्याच्या नावाने लढतो, फिरतो, बोलतो, त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्यांना भूमिकेचे खेळ म्हणू. याची सुरुवात मोबाईलवर झाली नाही. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. तो टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळत. पुढे हीच कल्पना संगणकात आणि तेथून मोबाईलमध्ये गेली. आज मुले खेळतात ते ‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर मॅक्स’ हे मुख्यतः लढाईचे खेळ आहेत. पण त्यांतही पात्र निवडणे, त्याला कपडे घालणे, त्याचे नाव ठेवणे हा भाग आहेच.

आरंभीच्या बहुतेक खेळांत नायक पुरुषच असे. १९८६ साली जपानमध्ये ‘मेट्रॉइड’ नावाचा खेळ निघाला. त्यातील चिलखतधारी योद्धा खेळाच्या शेवटी स्त्री निघते, तेव्हा खेळणारे चकित झाले होते. ‘पोकेमॉन’ या मुलांच्या आवडत्या खेळात मुलगा की मुलगी हे निवडण्याची सोय प्रथम २००० सालच्या ‘क्रिस्टल’ या भागात आली. ‘माइनक्राफ्ट’मध्ये आधी स्टीव्ह हे एकच पात्र होते, २०१४ साली त्याच्या जोडीला अ‍ॅलेक्स आली. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. त्यात राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. तेथे निवड नाहीच. खेळणारा मुलगा असो वा मुलगी, त्याला राजी व्हावेच लागते.

म्हणजे पेणच्या मुलाने जे केले ते खेळाने स्वतःच पुढे केलेल्या दोन दारांपैकी एक दार उघडणे, एवढेच आहे.

सोंग आपल्याला नवे नाही

मोबाईल परका वाटतो म्हणून त्यातील सोंगही परके वाटते. वास्तविक सोंगाची परंपरा महाराष्ट्राइतकी क्वचितच कोठे असेल. कोकणच्या शिमग्यात साडी नेसून नाचणारी गोमू म्हणजे गावातलाच एखादा तरुण असतो. नाच संपला, साडी फेडली की तो दुसऱ्या दिवशी आपल्या कामावर हजर. गणपतीच्या दिवसांत शक्ती-तुऱ्याचा सामना रंगतो. त्यात शक्तीवाले शक्तीची बाजू घेतात आणि तुरेवाले शिवाची. शक्तीची बाजू गाणारा शाहीर पुरुषच असला तरी त्यात कोणाला वावगे वाटत नाही. संत एकनाथांची भारुडे आणि गौळणी आठवा. पुरुषाने लिहिलेल्या त्या रचनांत बोलणारी मात्र पुष्कळदा स्त्री असते आणि वारकरी त्या भक्तिभावाने गातात.

रंगभूमीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७). त्यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहून घरोघरीच्या स्त्रिया त्यांच्यासारखी वेशभूषा करू लागल्या. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांच्या अपत्याचे निधन झाले. तरी त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. रंगमंचावर भामिनी होती आणि त्या शालूच्या आत एक शोकाकुल बाप होता. भूमिका आणि माणूस या दोन गोष्टी निराळ्या असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकच माणूस सकाळी राम आणि दुपारी सीता होऊ शकतो, हे प्रेक्षकांना सहज पटले.

याची दुसरी, दुःखाची बाजूही आहे. कोल्हापूरचे गणपत पाटील (१९२०-२००८) यांनी तमाशाप्रधान चित्रपटांत नाच्याची भूमिका इतकी हुबेहूब वठवली की लोक त्यांना प्रत्यक्षातही तसेच समजू लागले. ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. तरी त्या भूमिकेपायी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना लोकांची बोलणी सोसावी लागली. आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी आणि तिच्यावरून २०१० साली निघालेला चित्रपट याच वेदनेचा आहे. त्रास भूमिकेने झाला नाही. भूमिकेलाच माणूस समजणाऱ्या लोकांनी तो दिला. धपाटा मारणाऱ्या वडिलांनी एवढे लक्षात घेतले तरी पुष्कळ झाले.

मुलगे मुलीचे पात्र का घेतात?

यावर परदेशात अभ्यास झाले आहेत. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाचे हुसेन आणि ग्रिफिथ्स यांनी २००८ साली ऑनलाइन खेळणाऱ्या ११९ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५७ टक्के लोकांनी कधी ना कधी स्वतःहून भिन्न लिंगाचे पात्र घेतले होते. अमेरिकेतील रोझा मिकीयल मार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या ३७५ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २३ टक्के पुरुषांनी स्त्रीचे आणि ७ टक्के स्त्रियांनी पुरुषाचे पात्र घेतले. म्हणजे ही जगावेगळी गोष्ट नव्हे. या पाहण्या परदेशी आणि मुख्यतः मोठ्या माणसांच्या आहेत. आपल्या मुलांना त्यांतले आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत, पण कारणे समजून घ्यायला त्या उपयोगी पडतात.

कारणे साधारण अशी असतात:

१. दिसणे. अनेक खेळांत पात्र पाठमोरे दिसते आणि तासन् तास तेच समोर असते. ते देखणे असावे, त्याचे कपडे छान असावेत असे खेळणाऱ्याला वाटते. मुलीच्या पात्राला पोशाखाची विविधता पुष्कळदा जास्त असते.

२. कसब. काही खेळांत प्रत्येक पात्राला वेगळी शक्ती असते. एखादे पात्र वेगाने पळते, एखादे जखम लवकर भरून काढते. मुलाला हवी ती शक्ती मुलीच्या पात्रात असेल तर तो तेच घेणार.

३. फायदा. मुलगी समजून इतर खेळाडू मदत करतात, वस्तू भेट देतात, हे चाणाक्ष मुलांना लवकर कळते.

४. बदल. एकदा नायक होऊन खेळ संपवला की दुसऱ्यांदा नायिका होऊन पाहावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. कथेची पुस्तके वाचतानाही आपण कधी राजपुत्राबरोबर असतो, कधी राजकन्येबरोबर.

५. कुतूहल. दुसऱ्याच्या जागी उभे राहिले तर जग कसे दिसते, हे पाहण्याची इच्छा. ही चांगली गोष्ट आहे.

या पाच कारणांपैकी आजार एकही नाही.

वय आणि समज

दोन-तीन वर्षांचे मूल आपण मुलगा की मुलगी हे सांगू लागते. परंतु कपडे बदलले, केस वाढवले तरी आपण तेच राहतो, ही समज हळूहळू येते आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होते. म्हणूनच चार वर्षांच्या मुलाला बहिणीचा फ्रॉक घातला तर ‘मी आता मुलगी झालो’ असे तो मनापासून म्हणतो आणि घरचे हसतात. १३ वर्षांच्या मुलाला पडद्यावरची वेणी आपली नव्हे, हे पूर्ण ठाऊक असते. भातुकलीत बाबा झालेली मुलगी आणि आई झालेला मुलगा पुढे आपापले आयुष्य नीट जगतात. सोंग घेणे ही बालपणाची गरज आहे. त्यातून भाषा वाढते, दुसऱ्याचे मन ओळखता येते.

पात्राचा मनावर परिणाम होतो काय?

थोडा होतो. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना उंच पात्र मिळाले ते वाटाघाटीत अधिक ठाम राहिले. ज्यांना देखणे पात्र मिळाले ते समोरच्याच्या अधिक जवळ जाऊन मोकळेपणाने बोलले. या परिणामाला त्यांनी ग्रीक पुराणातील रूपे बदलणाऱ्या प्रोटियस देवाचे नाव दिले. आपण त्याला बहुरूप्याचा परिणाम म्हणू. पोलिसाचा वेश घातलेला बहुरूपी ऐटीत चालतो, तसाच हा प्रकार. तो वागण्याच्या ढंगावर होतो. मुलाचे मुलगा असणे त्याने बदलत नाही.

यी यांच्या २०११ च्या आणखी एका अभ्यासात मजेदार गोष्ट आढळली. स्त्रिया खेळातही शुश्रूषेचे, म्हणजे जखमी सोबत्यांना बरे करण्याचे काम पसंत करतात, अशी समजूत आहे. प्रत्यक्ष स्त्री खेळाडूंबाबत ती खरी ठरली नाही. मात्र स्त्रीचे पात्र घेतलेले पुरुष ते काम जास्त करू लागले. म्हणजे ‘बाई म्हटली की सेवा’ ही कल्पना बायकांच्या हातांत नसून पुरुषांच्या डोक्यात होती! मुलाने मुलीचे पात्र घेतले तर त्याच्याशी बोलायला हा चांगला विषय आहे. ती लढते की नुसती मलमपट्टी करते, हे त्याला जरूर विचारावे.

पण मनातच तसा प्रश्न असेल तर?

ही शंका पालक तोंडाने बोलत नाहीत, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. फार थोड्या मुलांच्या बाबतीत, आपण मुलगा आहोत की मुलगी याविषयीची आतली जाणीव शरीराशी जुळत नाही. अशा मुलाला खेळातील पात्र जवळचे वाटू शकते. तथापि खेळातील निवडीवरून हा निष्कर्ष कोणीही काढू नये. खेळाबाहेर, घरीदारी, दीर्घकाळ आणि सातत्याने मूल असे सांगत असेल, त्यामुळे कष्टी असेल, तर त्याचे ऐकून घ्यावे आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

असे असणे हा मनोविकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली मंजूर झालेल्या रोगवर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढण्यात आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ट्रान्सजेंडर व्यक्तींना आपली ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला आणि २०१९ साली त्यांच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ‘मुलाला बदलून देतो’ असे सांगून औषधे, शॉक किंवा अंगारे-धुपारे करणाऱ्यांपासून दूर राहावे. असे तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. मारहाणीने मूल बदलत नाही. ते फक्त सांगायचे बंद होते, आणि न सांगणारे मूल अधिक धोक्यात असते.

रोह्याच्या मुलीचे काय?

आता दुसऱ्या घराकडे वळू. मुलीने पुरुषाचे पात्र का घेतले? तिला ते आवडले असेल, तर प्रश्नच नाही. परंतु अनेक मुली आणि स्त्रिया हे आवडीने करत नाहीत. मुलीचे नाव दिसले किंवा माइकवर मुलीचा आवाज ऐकू आला की काही खेळाडू शिव्या देतात, घाणेरडे बोलतात, नंबर मागतात, फोटो मागतात, ‘जा, पोळ्या लाट’ असे हिणवतात. ते टाळण्यासाठी मुलगी नाव बदलते, पात्र बदलते आणि माइक बंद करते. घरच्यांना वाटते पोरगी शांत आहे. खरे तर ती लपलेली आहे.

रस्त्यावर छेडछाड होते म्हणून मुलीने लांबच्या वाटेने शाळेत जावे, तसेच हे आहे. लांबची वाट तिने स्वतः शोधली हे तिचे शहाणपण. पण वाट बदलावी का लागली, याची चौकशी मोठ्यांनी करायला हवी. सतत लपून वागण्याचाही मनावर ताण येतो. झोप उडणे, चिडचिड, मोबाईलची घंटी वाजताच दचकणे, एकदम खेळ सोडून देणे, शाळेत लक्ष न लागणे या खुणा दिसल्या तर ‘परीक्षेचे टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

येथे मुलाच्या आईवडिलांचीही जबाबदारी येते. शिव्या देणारी मुलेही कोणाच्या तरी घरची असतात. आपला मुलगा मुलीचे पात्र घेतो की नाही, यापेक्षा तो मुलीच्या पात्राशी कसा बोलतो, हे ऐकणे महत्त्वाचे आहे. पाच मिनिटे शेजारी बसून ऐकले तरी समजते.

खरा धोका कशात आहे?

पात्र मुलाचे की मुलीचे यात धोका नाही. तो पुढील गोष्टींत आहे.

पहिला धोका व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश केला. त्याची तीन लक्षणे आहेत. खेळावर ताबा न राहणे, जेवण, अभ्यास, माणसे यांच्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणे. हे साधारण १२ महिने चालले आणि त्याने रोजच्या जीवनात गंभीर बिघाड झाला तरच तो विकार म्हणतात. सुटीतले चार दिवस मूल खेळत बसले म्हणजे विकार झाला असे नव्हे.

दुसरा धोका झोपेचा. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. पांघरुणाखाली मोबाईल चालत असेल तर ही झोप मिळत नाही.

तिसरा धोका पैशाचा. पात्राचे कपडे, ‘डायमंड’, ‘यूसी’ यांच्या खरेदीत खरे पैसे जातात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. वडिलांच्या फोनवरून मुले न विचारता टॉप-अप करतात, तेव्हा पेमेंटचा पिन मुलांना माहीत असू नये.

चौथा धोका अनोळखी माणसांचा. जसा आपला मुलगा मुलीचे पात्र घेऊ शकतो, तसा चाळीस वर्षांचा माणूसही चौदा वर्षांच्या मुलीचे पात्र घेऊ शकतो. पडद्यावरचे नाव आणि रूप हा ओळखीचा पुरावा नव्हे. हे मुलांना अगदी साध्या शब्दांत सांगितले पाहिजे.

पालकांनी काय करावे?

१. आधी विचारावे, मग बोलावे. ‘हे काय बायकी चालवलंयस?’ असे न म्हणता, ‘हे पात्र का घेतलंस रे? हिला काय येतं?’ असे विचारावे. बहुधा उत्तर येईल, ‘बाबा, ही सगळ्यात जोरात पळते.’ आणि विषय तेथेच संपेल.

२. मुलीला विचारावे, ‘माइक का बंद ठेवतेस गं? कोणी काही बोलतं का?’ ती बोलली तर तिला दोष देऊ नये. ‘मग खेळतेस कशाला?’ या एका वाक्याने ती पुन्हा कधी काही सांगणार नाही.

३. त्रास देणाऱ्या खेळाडूला ब्लॉक करणे आणि त्याची तक्रार करणे या सोयी प्रत्येक मोठ्या खेळात असतात. त्या मुलांबरोबर बसून शिकून घ्याव्यात. घाणेरड्या संदेशाचे स्क्रीनशॉट पुसू नयेत, तो पुरावा असतो.

४. खरे नाव, शाळा, गाव, फोन नंबर, फोटो खेळात कोणालाही देऊ नये, हा नियम मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच ठेवावा.

५. खेळाची वेळ आधी ठरवावी आणि ती दोन्ही बाजूंनी पाळावी. चालू डाव मध्येच हिसकावून घेतला की भांडण होते. ‘हा डाव संपला की बंद’ हे जास्त चालते. रात्री सर्वांचे मोबाईल, आईवडिलांचेसुद्धा, एका जागी ठेवावेत.

६. दर २० मिनिटांनी नजर उचलून २० सेकंद दूरवर पाहण्याची सवय लावावी. रोज तासभर तरी मैदानावर जावे.

७. मूल उदास असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ऑनलाइन छळ किंवा फसवणूक झाल्यास पोलिसांकडे किंवा सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर कळवावे. प्रत्यक्ष तपासणीसाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांची चौकशी करावी.

काही शंका

शंका: मुलीचे पात्र घेऊन खेळल्याने मुलगा बायकी होईल काय?
समाधान: नाही. असे होते याला आधार नाही. आणि ‘बायकी’ ही शिवी घरातील मुलीच्या कानावर पडते, हेही लक्षात ठेवावे.

शंका: मुलीने पुरुषाचे पात्र घेतले तर आम्ही ‘शूर आहे’ म्हणतो आणि मुलाने स्त्रीचे घेतले तर घाबरतो. असे का?
समाधान: कारण पुरुष होणे म्हणजे वर चढणे आणि स्त्री होणे म्हणजे खाली उतरणे, असे आपण नकळत धरून चालतो. दोष खेळात नाही, या मोजपट्टीत आहे.

शंका: मुलगा खेळात मुलगी असल्याचे भासवून इतरांकडून वस्तू उकळतो. हे ठीक आहे काय?
समाधान: नाही. पात्र घेणे वेगळे आणि फसवणे वेगळे. सोंगाच्या आडून दुसऱ्याला लुबाडणे चूक आहे, हे त्याला जरूर सांगावे. परंतु रागवायचे ते लबाडीसाठी, वेणीसाठी नव्हे.

शंका: सरळ मोबाईलच बंद केला तर?
समाधान: लहान मुलांच्या हाती तो जितका उशिरा जाईल तितके बरे. पण १३-१४ वर्षांच्या मुलाचा मोबाईल एकदम बंद केला तर ते मित्राच्या मोबाईलवर खेळते आणि तेथे आपले लक्ष नसते. मर्यादा घालावी, संवाद तोडू नये.

शेवटी

पेणच्या कारखान्यात एकाच हाताने गणपतीची आखणी होते आणि गौरीचा मुखवटाही रंगतो. कारागिराचा हात त्याने बदलत नाही. मूल खेळात कोणते रूप घेते, ते त्याला घेऊ द्यावे. आपण पाहायचे ते इतकेच, की ते वेळेवर झोपते काय, पोटभर जेवते काय, मित्रांत हसते काय आणि त्याला काही खुपले तर ते आपल्याला येऊन सांगते काय. या चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तर पडद्यावर वेणी आहे की मिशी, याची चिंता करण्याचे कारण नाही. एखादे उत्तर ‘नाही’ असेल, तर आज रात्री जेवणानंतर मुलाजवळ किंवा मुलीजवळ बसा आणि ‘मला पण शिकव ना हा खेळ’ एवढे म्हणा.